हळद लागलेल्या गोळ्या

माझ्या प्रकृतीबद्दल खामगावात कोणालाही विचारा, सविस्तर उत्तर मिळेल.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला माझी जेवणानंतरची शुगर माहीत आहे. दूधवाला माप ओतता ओतता उजव्या गुडघ्याची चौकशी करतो. सहा वर्षांपूर्वी माझी बायपास झाली, तेव्हा छातीवर किती टाके पडले हे मला आठवत नाही, पण शेजारच्या तिन्ही घरांना तोंडपाठ आहे. या सगळ्या प्रसिद्धीचं श्रेय आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे प्रमिलाला. इतर बायका नवऱ्याचे पराक्रम सांगतात, ती माझे रिपोर्ट सांगते. (पराक्रमच नाहीत म्हटल्यावर तिचाही नाइलाज आहे.)

मी स्वतः छत्तीस वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात ग्रेडर होतो. म्हणजे काय, तर शेतकऱ्याची कापसाची गाडी आली की मूठभर कापूस ओढायचा, बोटांत धागा ताणून पाहायचा, ओल मोजायचं यंत्र खुपसायचं आणि मान हलवायची. मान उभी हलली की आडवी, यावर समोरच्याचा दिवस ठरायचा. "ओल आहे. थोडा वाळवून आणा!" हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. समोरचा काकुळतीला यायचा, "या खेपेले घेऊन घ्या नं जी साहेब!" तोवर मी पुढच्या गाडीकडे वळलेलो असायचो. वर बसलेल्याकडेही असंच एक यंत्र असतं आणि तो कोणाला विसरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

प्रमिला वडनेर भोलजीची. माहेरी वांगी-टमाट्यांचा मळा. तिने आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे नळगंगा धरण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही ते पाहायला गेलो होतो. धरणाच्या भिंतीवर उभी राहून ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "याचा त काठ दिसते वो. काठच दिसत नाई असं पानी असते म्हन्तात. मले ते पाहाचं हाय."

मी तेव्हा तरुण होतो. छातीवर टाके नव्हते, त्यामुळे ती फुगवून म्हणालो, "पुढच्या वर्षी समुद्र दाखवतो तुला!"

ते पुढचं वर्ष बेचाळीस वर्षं चाललं. कधी कापसाचा हंगाम, कधी मुलीची परीक्षा, कधी बायपास. तिने पुन्हा विषय काढला नाही. एकदाही नाही! ती भांडली असती तर मी सुटलो असतो, पण ती गप्प राहिली आणि ते धरण माझ्या मनात तुंबून राहिलं. मला लाज वाटायची, हे इथे कबूल करून टाकतो.

शेवटी आमच्या मुलीनेच बापाची अब्रू झाकायचं ठरवलं. वैशाली ठाण्याला असते. (तिथे राहून आपली भाषा सुधारली आहे, असं तिला वाटतं.) आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने जहाजाच्या सफरीची तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, तीन दिवस समुद्रात राहायचं आणि परत मुंबईला यायचं.

प्रमिलाने फोनवर एकच प्रश्न विचारला, "काठ दिसत नाई नं तिथून?"

"आई, दुसऱ्या दिवशी चारी बाजूंनी नुसतं पाणी!"

प्रमिलाने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

इकडे वैशाली मला सूचना देत होती. "बाबा, तुमच्या वयाच्या लोकांना एक फॉर्म भरावा लागतो. सगळे आजार खरे खरे लिहा. आपल्या डॉक्टरांचं पत्र घ्या. गोळ्यांची यादी टाइप करून घ्या, आणि गोळ्या पाकिटासकट न्या. ऐकताय ना?"

"ऐकून राह्यलो," मी म्हणालो आणि त्यातलं एकही केलं नाही.

कारण मी पडलो ग्रेडर! आपला माल खराब आहे हे माल आणणाऱ्यानेच लिहून द्यायचं? छत्तीस वर्षांत एकही शेतकरी मला आपणहून म्हणाला नव्हता की साहेब, माझा कापूस ओला आहे. मी फॉर्म पुढे ओढला आणि वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहीत सुटलो. हृदयविकार? नाही. मधुमेह? नाही. शस्त्रक्रिया? नाही. हात असा काही बसला की 'सोबत कोणी प्रवास करत आहे का?' यालाही 'नाही' लिहून गेलो. मग त्याच हाताने, त्याच ओघात प्रमिलाचाही फॉर्म भरून टाकला.

चार दिवसांनी जहाज कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो, म्हणून प्रमिलाने घेतला. आमच्याकडे फोन स्पीकरवरच घेतात, शेजाऱ्यांची गैरसोय होत नाही.

"मॅडम, सर फिट आहेत ना?"

"छ्या वो बाई! फिट नाई!"

"फिट नाहीत?"

"अजिबात नाई! लगन झाल्यापासून पाहून राह्यली, एक डाव फिट नाई. यायचा मोठा भाऊ होता, त्याले होती फिट. कांदा नाई त चप्पल हुंगाले द्या लागे."

"म्हणजे... सरांचे भाऊ फिट होते. सर नाहीत."

"हाव! आता कशी बराबर समजली!"

वाचकहो, आमच्या भागात फिट येते ती मिरगीची. माणूस धाडकन पडतो, हातपाय वाकडे होतात, ती फिट. 'फिट असणे' ही काही चांगली गोष्ट असू शकते, हे प्रमिलाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी न्हाणीतून ओरडलो, पण तोंडात साबण गेला.

"बाकी काही त्रास आहे का सरांना?" मुलीने विचारलं.

संपलं! ज्याला माझे आजार आधीपासून माहीत नाहीत असा माणूस प्रमिलाला सहा वर्षांत भेटला नव्हता. तिने पदर खोचून बायपासपासून सुरुवात केली. मी टॉवेल गुंडाळून बाहेर धावलो तोवर ती पायाच्या कुरुपापर्यंत पोचली होती.

"कोनाचा फोन होता?"

"बोटीवाल्याईचा. भल्ली गुनाची पोरगी. समदं लिहून घेतलं तिनं. तुमाले फिट नाई म्हनून पक्कं सांगून देल्लं म्या. आता काई काळजी नाई."

म्हणजे कंपनीकडे माझे दोन कागद जमा झाले. एकावर मी पैलवान होतो आणि दुसऱ्यावर जवळजवळ गेलेला. तेव्हाच फोन करून खरं सांगून टाकलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी म्हटलं, एवढ्या गर्दीत कोण बघतंय?

आता गोळ्यांचं ऐका. मला दिवसाला साडेचार गोळ्या असतात. त्यांची इंग्रजी नावं मलाच धड येत नाहीत, तर प्रमिलाला कुठून येणार? शेतकऱ्याची पोर, तिने त्यांची आपल्या परीने नावं ठेवली आहेत. लांबट आणि मळकट पांढरी ती सरकी. गोल पांढरी ती ज्वारी. पिवळी, चपटी ती तूरडाळ. गुलाबी, बारीक ती मसूर. "सरकी घेतली काय वो?" असं आमच्याकडे सकाळी ओरडून विचारतात. पाहुणे दचकतात, कारण सरकी आमच्याकडे म्हशीला घालतात.

निघायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढल्या. पाकिटांची जागा दशम्या आणि ठेच्याला हवी होती. मग तिने घरातला मसाल्याचा डबा रिकामा केला, फडक्याने पुसला आणि त्यातल्या वाट्यांत गोळ्या जातवार भरल्या. "पाहा, कसं सुटसुटीत झालं!" मलाही ते पटलं. (मला पटलेल्या गोष्टींची यादी केली तर आमच्या घरातल्या सगळ्या संकटांची यादी तयार होईल.)

शेगावहून गाडीने आम्ही मुंबईला उतरलो आणि टॅक्सी करून बंदराकडे निघालो. रस्त्यात एक खड्डा आला. टॅक्सी उडाली, आम्ही उडालो आणि प्रमिलाच्या मांडीवरचा डबाही उडाला. झाकण बसलेलं होतं म्हणून काही सांडलं नाही, पण आत सगळ्या वाट्या एकमेकींत उलट्या झाल्या. "काई नाई होत," प्रमिला म्हणाली. "डाळ निवडतो तशा निवडून घेतो बसल्या बसल्या."

बंदरावर रांगेत बसून तिने झाकण उघडलं. सात वाट्यांतली एक हळदीची असते. ती तिने पुसली होती, पण हळद अशी पुसल्याने जाते होय? झाडून साऱ्या गोळ्यांना हळद लागली होती! सरकी पिवळी, ज्वारी पिवळी, मसूर पिवळी.

"अवं, आता कसं?" माझा आवाज चिरकला.

तिने एक गोळी नखाने खरवडून पाहिली, हुंगली आणि हताशपणे माझ्याकडे बघितलं. "समदी तूरडाळच होऊन गेली वो."

एवढ्यात रांगेत आमच्या पुढे असलेल्या एका चाकांच्या खुर्चीतून आवाज आला, "वऱ्हाडातले दिसता! कोन्या गावचे?"

या डोणगावच्या मंदाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे बदललेले, छातीत पेसमेकर, कानात यंत्र आणि सोबतीला कोणी नाही. मी मनात म्हटलं, चला, यांना बाद केलं तर निदान आपल्याला सोबत होईल! मंदाबाईंनी काउंटरवर एक प्लास्टिकची फाइल ठेवली. त्यात डॉक्टरांचं पत्र, टाइप केलेली यादी आणि पाकिटासकट गोळ्या होत्या. दोन मिनिटांत शिक्का बसला आणि खुर्ची ढकलणारा माणूस येईपर्यंत त्या बाजूला थांबल्या. मग काउंटरवरच्या मुलीने माझं नाव संगणकात टाकलं, जरा वेळ वाचलं आणि म्हणाली, "सर, तुम्हाला आधी डॉक्टरांना भेटावं लागेल."

डॉक्टर म्हणजे वैशालीपेक्षाही लहान मुलगी होती. तिच्या एका हातात माझा फॉर्म होता आणि दुसऱ्या हातात फोनवरच्या माहितीचे कागद.

"अंकल, इसमें लिखा है कोई बीमारी नहीं. और इसमें तो दो पन्ने भरे हैं."

"वो मिसेसने बताया," मी म्हणालो.

"लिखा है कि आप फिट नहीं हैं."

"हाव जी!" प्रमिला पुढे सरसावली. "फिट बिलकुल नही! कभीच नही!"

"और अंकल के भाई फिट हैं?"

"थे. वो त गए."

"फिट थे तो कैसे गए?"

"फिट से ही गए!"

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. मी भिंतीकडे बघत राहिलो. "ठीक है," ती शांतपणे म्हणाली, "दवाइयाँ कौन सी लेते हैं?"

प्रमिलाने मसाल्याचा डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत हळदीचा वास पसरला.

"सुबह उपाशी पोट एक सरकी. नाश्ते के बाद ज्वारी. जेवन के बाद दो तूरडाळ. और सोते टाइम अर्धी मसूर."

"ये... दवाई है?"

"दवाईच है! पन अब सब तूरडाळ हो गई."

डॉक्टरने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि यंत्राकडे बघितलं. मी तिच्या मानेकडे बघत होतो. छत्तीस वर्षं माझ्या मानेकडे असंच कोणी ना कोणी बघत होतं! मान आडवी हलली. वरचा आकडा एकशे ब्याण्णव होता.

आणि मग मी जे बोललो, ते कोणी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. मी हात जोडून म्हणालो, "मॅडम, इस टाइम ले लो ना जी! थोडा सूखके आता हूँ!"

"क्या?"

"मतलब, दस मिनट बैठके आता हूँ."

दहा मिनिटं बसलो. तेवढ्या वेळात प्रमिलाने मला पदराने वारा घातला आणि माझ्या शेजारी बसलेल्या दोघांना बायपासची हकीकत सांगितली. पुन्हा पट्टा गुंडाळला, तेव्हा आकडा एकशे अठ्ठ्याण्णव झाला होता.

डॉक्टर चांगली होती. तिने मला समजावलं की भर समुद्रात छातीत दुखलं तर किनाऱ्यावर आणायला तास न् तास लागतात. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता हेच मला कळत नसेल, तर मी काय करणार? तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिने एका कागदावर 'अनफिट' लिहिलं, सही केली आणि तो कागद माझ्या हातात दिला.

बाहेर आलो. समोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे जहाज उभं होतं. पांढरंशुभ्र, मान वर करकरून बघावं एवढं उंच. प्रमिला पिशवी हातात धरून त्याच्याकडे बघत होती. बेचाळीस वर्षं मी तिला काठावर उभं ठेवलं होतं आणि आता अगदी पाण्याजवळ आणून परत फिरवत होतो. मला वाटलं, ते छातीत दुखणं आत्ताच का येत नाही?

"चाल," मी म्हणालो, "घरी जाऊ."

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, मॅडमच्या फॉर्मवर तर 'सोबत कोणी नाही' असं लिहिलंय. त्या एकट्या जाऊ शकतात. फक्त त्यांचं बीपी बघावं लागेल."

प्रमिलाचं बीपी निघालं एकशे वीस आणि ऐंशी! माझ्यासोबत संसार करून!

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. "तुमाले सोडून..." ती म्हणाली आणि थांबली.

माझा ऊर भरून आला. मी मोठ्या मनाने मान हलवायला सुरुवात केली.

"...तुमाले सोडून देते काय एखादी टॅक्सी वैशालीच्या घराजवळ? का तुमी तिलेच बोलावता?"

"आणि तू?"

"मी जातो." (आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. पण इतकं ठाम 'जातो' मी घरात पहिल्यांदाच ऐकलं.) "मंदाबाई हायेत नं सोबतीले."

तिने वाकून मला नमस्कार केला, हळदीचा डबा माझ्या हातात ठेवला, "हा धुऊन ठेवा," म्हणाली आणि मंदाबाईंची खुर्ची ढकलत आत गेली. दशम्या आणि ठेचा तिच्यासोबत गेला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, मी डबा धरलेला हात हलवत होतो.

पुढचे तीन दिवस मी वैशालीच्या घरी काढले. तिने पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या नव्याने पाकिटासकट आणल्या आणि मला अळणी खिचडीवर ठेवलं. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. काठच काठ! शिवाय मला दिवसातून चार वेळा, "बाबा, एक पत्र, फक्त एक पत्र घ्यायचं होतं हो!" हे ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईंच्या फोनवरून एक व्हिडिओ आला. प्रमिला जहाजाच्या कठड्याला धरून उभी होती. वाऱ्याने पदर फडफडत होता. एरवी माझ्या कुरुपावर अर्धा तास बोलणारी ही बाई, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि सावकाश चारी बाजूंना फिरवला. पाणी, पाणी, पाणी, पाणी. मग तिचा आवाज आला, "पाहा जी. काठ दिसते काय कुठी? नाई नं?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "तुमी पाहिजे होते."

मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. (वैशालीने लगेच दार वाजवून बीपी मोजलं.)

आम्ही खामगावला परतलो तेव्हा दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारची तिन्ही घरं वाटच बघत होती. प्रमिलाने आधी समुद्र सांगितला, मग जहाजावरचं जेवण सांगितलं आणि शेवटी पिशवीतून माझा 'अनफिट'चा कागद काढून सगळ्यांसमोर धरला. "हे पाहा! बोटीच्या डॉक्टरनीनं सहीशिक्क्यानिशी लिहून देल्लं, यायले फिट नाई म्हनून. म्या त पयल्यापासून हेच सांगून राह्यली होती!" तो कागद आता माझ्या बायपासच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावलेला आहे आणि आल्या-गेल्याला दाखवला जातो.

त्यानंतर मी सुधारलो, खोटं नाही सांगत. रोज चार किलोमीटर चालतो. मीठ सोडलं, ठेचा सोडला. गोळ्यांची यादी टाइप करून तिच्यावर प्लास्टिकही चढवलं. डॉक्टरांचं पत्र तर दोन प्रतींत आणून ठेवलं. कारण मंदाबाई आणि प्रमिलाचा फोन आठवड्यातून तीनदा होतो आणि त्या दोघींचं पुढच्या सफरीचं ठरतं आहे.

परवा प्रमिला नवा फॉर्म भरायला बसली. या वेळी माझ्या हातात पेनच दिलं नाही. एकेक रकाना मला मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः लिहीत गेली. शेवटी मी घसा साफ करून वाचलं, "सोबत कोणी प्रवास करत आहे का?" आणि तिच्याकडे आशेने बघत माझी फाइल हळूच पुढे सरकवली.

तिने चष्मा नाकावर ओढला. फाइल उघडली, पत्र वाचलं, यादी वाचली. मग मशीन आणून माझ्या दंडाला पट्टा लावला. एकशे बेचाळीस. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मी तिच्या मानेकडे.

"या खेपेले घेऊन घे नं वं," मी म्हणालो.

प्रमिलाने मान आडवी हलवली. "अजून ओल हाये," ती म्हणाली. "थोडे वाळून या."

तेव्हापासून मी रोज सकाळी दोन तास गच्चीवर उन्हात बसतो.